साक्ष आणि हेडलाइट

माण तालुक्यात पाणी सोडलं तर कशाचीच टंचाई नाही. देवांची तर मुळीच नाही. म्हसवडला सिद्धनाथ-जोगेश्वरी, शिखर शिंगणापूरला शंभू महादेव, गोंदवल्याला ब्रह्मचैतन्य महाराज, शेजारच्या खटावात पुसेगावला सेवागिरी महाराज, आणि सातारा-पंढरपूर रस्ता सरळ धरला की शेवटी साक्षात विठोबा. चैत्रात मुंगी घाटातून कावडी वर चढतात, मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघतो. अशा ठिकाणी बँकेने माझी बदली केली, आणि आमच्या नगरच्या मंडळीतल्या पाळकसाहेबांनी निरोप देताना खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "तिकडे आपलं असं कुणी नाही. तूच तिथली मंडळी. तुझं जगणं बघून लोकांना ख्रिस्त दिसला पाहिजे."

मी बँकेत फील्ड ऑफिसर. माझं जगणं बघून लोकांना आजवर फक्त थकबाकीची नोटीस दिसलेली आहे.

पण पाळकसाहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं शंभरात एकसुद्धा भरली नाहीत. आणि जी आहेत त्यांतली बरीचशी मुंबई, वसई, पुणे, नगर अशी एकवटलेली. माझ्या वाट्याला आलेल्या गावात मी, बायको आणि मुलगा एवढीच जमात. त्यातून आमच्याकडची ख्रिस्ती माणसं आडनावावरून ओळखू येत नाहीत. गायकवाड, साळवे, शिंदे, भोसले, सगळी महाराष्ट्रातलीच आडनावं. घरमालकाने महिनोन् महिने मला माळकरी समजून एकादशीला शाबुदाण्याची खिचडी पाठवली, आणि मी ती खाल्ली. खिचडी चांगली असायची. साक्ष द्यायची म्हणून ती परत पाठवावी इतका माझा विश्वास दृढ नाही.

शिवाय खुद्द शास्त्रातच थोडी पंचाईत आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतात की दिवा लावून मापाखाली झाकून ठेवू नका, तुमची कृत्यं लोकांना दिसू द्या. सहावा अध्याय उघडला की तेच प्रभू, त्याच डोंगरावर, त्याच प्रवचनात सांगतात की लोकांना दिसावं म्हणून धर्म करू नका, उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळता कामा नये. मी पाळकसाहेबांना फोन करून विचारलं, नेमकं काय करू? ते म्हणाले, "दोन्ही." पाळकांना असं बोलता येतं. फील्ड ऑफिसरला कुठल्या तरी एकाच रकान्यात टिक करावी लागते. मी पाचव्या अध्यायावर केली, कारण तो आधी येतो आणि त्यात खर्च कमी दिसला.

खर्च म्हणजे एक स्टिकर. नगरला एका मेळाव्यात पुस्तकांच्या टेबलावर घेतला होता: निळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं, 'येशू प्रकाश देतो'. तो मी मोटारसायकलीच्या पुढच्या बाजूला, हेडलाइटच्या बरोबर वर चिकटवला. तिथे जागाच तेवढी होती.

आता गंमत अशी की त्या हेडलाइटचा बल्ब आधीच्या आठवड्यात उडालेला होता. आज घालू, उद्या घालू करत राहिला. एके संध्याकाळी वसुलीवरून परतताना दहिवडीच्या अलीकडे हवालदारसाहेबांनी शिट्टी मारली. त्यांनी टॉर्च आधी माझ्या तोंडावर मारला, मग हेडलाइटवर, मग जरा वर. स्टिकर त्यांनी अक्षर लावून मोठ्याने वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग शेजारच्या सहकाऱ्याला बोलावून त्यालाही वाचायला लावला. पावती फाडताना ते अत्यंत अदबीने म्हणाले, "साहेब, त्यांचा चालू असेल हो. तुमचा बंद आहे." माझ्या आयुष्यात मी ऐकलेल्या प्रवचनांत एवढं आटोपशीर प्रवचन दुसरं नाही, आणि तेही पावतीसह.

बल्ब बदलला, पण स्टिकरने मला जो जाच सुरू केला तो संपेना. स्टिकर नसताना मी माणूस होतो. उसाच्या ट्रॉलीला हूल देऊन पुढे काढायचो, पेट्रोल पंपावर ओळखीच्या पोराला खूण करून रांग टाळायचो, आडव्या आलेल्या म्हशीच्या मालकाचा उद्धार करायचो. आता गाडीवर कोणाचं नाव आहे हे सगळ्या रस्त्याला दिसत होतं. ट्रॉलीच्या मागे दहाच्या वेगाने पाचट खात निमूटपणे चाललो होतो. एकदा न राहवून एका जीपवाल्याला दोन शब्द सुनावले, तर त्याने मान बाहेर काढून विचारलं, "ह्योच का तुमचा प्रकाश?" बायको म्हणाली, "आपल्या लग्नानंतर इतक्या वर्षांत मला जे जमलं नाही ते पंधरा रुपयांच्या कागदाने केलं."

स्टिकरमुळे गावाला माझा धर्म कळला आणि गावाने तो आपल्या परीने समजून घेतला. तालमीतल्या पोरांनी नाताळ कधी आणि वाईन किती, एवढीच चौकशी केली. सरपंचांनी इंग्रजीतली दोन पत्रं वाचायला आणून दिली. ख्रिश्चन म्हणजे इंग्रजी घरचंच. मी मराठी माध्यमातून, नगरच्या मिशन शाळेतून शिकलो आणि बँकेच्या परीक्षेत इंग्रजीला काठावर पास झालो, हे त्यांना पटेना. एका आजोबांनी मात्र पारावर सरळ विचारलं, "सायेब, आमाला बाटवाय आलायसा का?" दिवस असे आहेत की हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही, पण माझं उत्तर प्रामाणिक होतं. म्हटलं, "आजोबा, रविवारी सकाळी माझा स्वतःचा पोरगा प्रार्थनेला उठत नाही. तुम्हाला कुठून उठवू?" आजोबांनी मोठ्या समाधानाने तंबाखू पुढे केली. त्यांचाही नातू काकड्याला उठत नव्हता.

मग आला २०१९ चा उन्हाळा. माण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि इकडे सरासरी पाचशेच्या आसपास, तीही कागदावर. त्या साली जनावरं चारा छावणीत आणि माणसं टँकरच्या वाटेवर होती. बोअरचं पाणी मचूळ, चहा फाटायचा. टँकर आला की गल्लीत बॅरल, हंडे, कळशा, तेलाचे डबे यांची रांग. त्या रांगेत उभं राहून मला एकदम वाटलं, हीच वेळ. मागच्या बाईला म्हटलं, "तुम्ही घ्या आधी." तिने संशयाने पाहिलं आणि घेतलं. तिच्या मागच्याने विचारलं, "मी घेऊ?" म्हटलं, "घ्या की." ही बातमी रांगेत ज्या वेगाने मागे गेली त्या वेगाने बँकेची कुठलीही योजना आजपर्यंत पोहोचलेली नाही. शेजारच्या वाडीतून दोघे जण बॅरल घेऊन आले. मी हात जोडून प्रत्येकाला पुढे सोडत होतो. चेहऱ्यावर, बायकोच्या म्हणण्याप्रमाणे, गुड फ्रायडेच्या नाटकातला भाव होता. टँकरचा पाइप खरखरला, दोन थुंक्या टाकल्या आणि गप्प झाला. आमचा बॅरल कोरडा.

रांगेतल्या म्हातारीला माझी दया आली असावी. तिला मी जाताजाता सांगितलं की आमच्यात श्रद्धावंताला मिठाची उपमा दिली आहे. ती म्हणाली, "मीठ नगं बाबा. बोरला मीठच हाय. पानी आन."

घरी बायको काही बोलली नाही, हे वाईट लक्षण. तिने कपाटातून 'स्मृतिचित्रे' काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागाने आलं, आणि आमच्या घरात बायबलनंतर तेच. देवभोळ्या, दानशूर, व्यवहारशून्य नवऱ्याबरोबर संसार कसा करावा याचं मराठीत त्याहून चांगलं पुस्तक नाही. बायको म्हणाली, "लक्ष्मीबाईंनी टिळकांचं सगळं सोसलं, हे खरं. पण त्यांच्या घरात निदान कविता तरी होत्या." त्या दिवशी मी एक तांब्या पाण्यात अंघोळ केली. तो तांब्याही घरमालकाने दिलेला.

टिळकांचं नाव निघालंच आहे तर सप्ताहाचंही सांगून टाकतो. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला होता. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. मी मंडपात मागे बसायचो, कारण पखवाज मला आवडतो आणि महाप्रसादाची आमटी त्याहून आवडते. एका रात्री कीर्तनकार महाराजांची गाडी यायला उशीर झाला. भजनी मंडळाने वेळ भरून काढायला एकेकाला उभं केलं. कुणीतरी म्हणालं, "सायेब, तुमच्यात भजन आसतंय का?" असतं तर! आमच्या नगरकडे पेटी-तबल्यावरचं ख्रिस्ती भजन आणि कीर्तन एकोणिसाव्या शतकापासून आहे. मी उभा राहिलो. नारायण वामन टिळकांचा एक अभंग लहानपणापासून तोंडपाठ होता, तो म्हटला. टाळकऱ्यांनी दुसऱ्याच ओळीला चाल उचलली, पखवाजाने ठेका धरला, आणि मला भरून आलं. अहो, तेही साहजिक होतं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक स्वतः म्हणत. तो पूल अजून शाबूत आहे हे मला त्या मंडपात दिसत होतं. शेवटी मंडळाने सवयीने 'ज्ञानोबा माउली तुकाराम'चा गजर जोडला, तोही चालीत बसला.

पखवाजवाल्याने घाम पुसत विचारलं, "चाल झकास. कुण्या महाराजांचा?"

"टिळकांचा."

मंडपात शांतता पसरली. मग तो हळूच, आदराने म्हणाला, "लोकमान्यांनी अभंग पन लिवल्यात?"

मी समजावून सांगायला लागलो. म्हटलं, हे वेगळे. जन्म दोघांचा रत्नागिरी जिल्ह्यातलाच, पण लोकमान्य १८५६ चे आणि हे १८६१ चे. हे कवी. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, नगरला मिशनमध्ये काम केलं, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून आपल्या साताऱ्याला येऊन राहिले. तिथे 'देवाचा दरबार' म्हणून संन्यस्त वृत्तीने राहणाऱ्यांची मंडळी काढली. त्यात यायला बाप्तिस्मा झालेलाच पाहिजे अशी अट नव्हती. १९१९ मध्ये वारले. एवढं सांगून मी दम घेतला. पखवाजवाल्याने मान डोलावली आणि मागे वळून मंडळाला सारांश सांगितला: "लोकमान्यांचं धाकटं भाऊ. साताऱ्यात व्हतं."

दुसऱ्या दिवशी दुधाच्या संकलन केंद्रावर बातमी होती की बँकेच्या साहेबांनी लोकमान्यांचा अप्रकाशित अभंग म्हटला. शाळेतल्या गुरुजींनी १ ऑगस्टच्या कार्यक्रमाला तो मुलांकडून बसवून घ्यायचं ठरवलं. मी गुरुजींकडे जाऊन खुलासा केला. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असू द्या हो. पोरांना चाल बसलीय आता." सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत रेव्हरंड टिळकांचा अभंग समूहाने गाइला गेला, हे माझं कार्य. श्रेय 'केसरी'कडे गेलं.

तरीही माझा खरा पराभव केला तो मेंढरांनी.

माणदेशात मेंढ्या आहेत म्हणजे किती आहेत हे कर्जखात्यावर बसल्याशिवाय कळत नाही. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे मेंढरं, घोडी, कोंबड्या, बिऱ्हाड घेऊन पश्चिमेला पाण्याकडे निघतात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. सरकारची महामेष योजना आल्यापासून वीस मेंढ्या आणि एक नर असा गट, त्यावर ७५ टक्के अनुदान, अशी प्रकरणं ऐकून माझी झोप उडालेली. मला मेंढ्यांचं ज्ञान होतं ते दोनच ठिकाणचं: प्रस्तावाचा छापील फॉर्म आणि रविवारची शाळा. त्यातल्या दुसऱ्या ज्ञानाच्या जोरावर मी अजून पश्चिमेला न निघालेल्या एका धनगराच्या तळावर पाहणीला गेलो. वर्षअखेर होती, म्हणून सोबत वचनांची कॅलेंडरं घेतली होती. हरवलेल्या मेंढराचा दाखला! जगातल्या सगळ्या प्रचारकांना शहरी श्रोत्यांपुढे मेंढपाळ म्हणजे काय हे आधी समजावून सांगावं लागतं. माझ्यापुढे खरा मेंढपाळ बसला होता. असा श्रोता लाखात एकाला मिळतो.

अण्णा म्हणत त्यांना सगळे. साठीचे, मिशा पांढऱ्या, हातात आकडी. संध्याकाळची वेळ; त्यांच्या सुना आणि मुलगा खुंट्या ठोकून त्यांवर वाघर ताणत होते. वाघर म्हणजे दोरीचं जाळं. रात्री कळप त्याच्या आत कोंडायचा. एका कोपऱ्यात टोपलीखाली कोवळी कोकरं ओरडत होती आणि अण्णांची कारभारीण एकेकाला उचलून त्याच्या आईखाली धरत होती. आई चुकली तर पोटात लाथ बसायची, पण कारभारीण चुकत नव्हती. मेंढ्या एका रंगाच्या, एका उंचीच्या, मला तर सगळ्या एकाच आईच्या वाटत होत्या.

मी चहा घेतला आणि सांगायला सुरुवात केली. एका माणसाची शंभर मेंढरं होती. त्यातलं एक हरवलं. तेव्हा त्याने नव्व्याण्णव रानात सोडली आणि त्या एकाच्या शोधात गेला.

"थांबा," अण्णा म्हणाले. "वाघर लावली व्हती का?"

मी म्हटलं, तसं लूकाने लिहिलेलं नाही.

"मग कुनाला बसवून गेला?"

"कुणाला नाही. एकटाच होता."

अण्णांनी कारभारणीकडे पाहिलं. तिने कोकरू खाली ठेवलं. "शंबर मेंढरं, आन येकटा?" ती म्हणाली. "बाईल न्हाई? पोरगं न्हाई? मग कोकरं कोन बगतंय?" मी गप्प. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू शास्त्र लिहिणाऱ्यांपैकी मीच एक असावा.

"रानात लांडगं व्हतं का न्हाई तिकडं?" अण्णा.

"होते. लांडग्यांचाही उल्लेख आहे, दुसऱ्या दाखल्यात."

"मग आसा मेंढका आमी ठेवत न्हाई," अण्णांनी निकाल दिला. तसे ते भले गृहस्थ, म्हणून माझं तोंड पाहून पुन्हा विचारात पडले. बराच वेळ आकडीने माती उकरत राहिले. मग एकाएकी त्यांनी विचारलं, "त्या हरवल्याल्याला बिल्ला व्हता का?"

बिल्ला म्हणजे विम्याचा, कानातला पिवळा. तो आम्हीच मारायला लावतो.

"असेल," मी म्हटलं. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"सायेब, तुमीच मागल्या टायमाला सांगितलं. मेंढरू मेलं, पंचनामा झाला, बिल्ला दावला, तर इमा मिळतोय. हरवलं तर?"

"हरवलं तर नाही मिळत."

"मग!" अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी कारभारणीला, मुलाला, सुनांना हाक मारून जमवलं. "बरुबर हाय त्येचं. मेलं आसतं तर इमा आला आसता. हरवल्यालं गेलं म्हंजी पार गेलं. त्येला शोधाय जायालाच पायजे. शाना व्हता मेंढका. त्येला बँकेचा नियम ठावं व्हता."

दोन हजार वर्षांत या दाखल्यावर अनेक भाष्यं झाली असतील. ऑगस्टीन झाले, ल्यूथर झाले. विमा कंपनीच्या अटी-शर्तींवरून देवाची करुणा सिद्ध करणारे अण्णा पहिलेच. आणि खरं सांगायचं तर मी आजवर ऐकलेल्या उपदेशांत मला हा एकदम पटला. जे गेलं त्याची भरपाई कुठेच मिळणार नाही, म्हणून मालक स्वतः उठतो. यात काय चुकीचं आहे ते नगरला पाळकसाहेबांना विचारलं; त्यांनी पुढच्या रविवारी उपदेशात वापरलं, अण्णांचा उल्लेख न करता.

उत्साहाच्या भरात मी कॅलेंडर उलगडलं. त्यावर चित्र: सोनेरी केसांचे, निळ्या डोळ्यांचे प्रभू, अंगात पांढराशुभ्र झगा, खांद्यावर पांढरंशुभ्र कोकरू, पाठीमागे हिरवळ. अण्णांनी चित्र उजेडाकडे धरलं. आधी मेंढरू तपासलं. "हे आपल्यातलं न्हाई. इलायती हाय. नाक बगा, नाकच न्हाई." नाकाला इथे किंमत आहे, हे सांगून ठेवतो. जत तालुक्यातल्या माडग्याळ जातीचा मेंढा पोपटासारख्या बाकदार नाकावर विकला जातो. २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात अशा एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी झाली आणि मालकाने तो दिला नाही, ही बातमी देशभर छापून आली होती. एवढ्यात आमच्या शाखेच्या तीन वर्षांच्या मेंढी-कर्जाचं उद्दिष्ट झालं असतं.

मग अण्णांची नजर वर गेली. झग्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "एक डाग न्हाई." सुना हसायला लागल्या. "सायेब, ह्यानं मेंढरं राखल्याली न्हाईत. राखल्याली आसती तर अंगाला वास न्हाई का मारला आसता?" प्रभूंना वास येत होता की नाही हे चित्रातून कळत नाही, पण बेथलेहेम-यहूदियाचं रान माणसारखंच दगडाधोंड्याचं आणि कोरडं, तिथल्या मेंढपाळाचा झगा पांढरा राहिला नसणार, हे मला कबूल करावं लागलं. चित्रकार युरोपातले. त्यांच्याकडे हिरवळ असते.

"अमुशा दावलीया का ह्यात?" कारभारणीने शेवटचा प्रश्न टाकला. आमच्या कॅलेंडरात अमावस्या नसते. तिने ते घडी घालून परत केलं. कर्जप्रकरण मंजूर झालं.

नाताळचं थोडक्यात सांगतो. घरावर मोठी कागदी चांदणी टांगली, आत बल्ब लावला. घरमालक म्हणाले, दिवाळी होऊन गेली, कंदील उतरवायचा राहिला का? शेजारणीला तो सिद्धनाथाच्या यात्रेसाठी वाटला. गोंदवल्याच्या महाराजांची पुण्यतिथीही साधारण त्याच सुमाराला येते, म्हणून तिकडच्या उत्सवाला जाणाऱ्या एका पाव्हण्यांनी खालून नमस्कार केला. मी वरून केला. बायकोने केलेल्या करंज्या मात्र गावाने बरोबर ओळखल्या आणि संपवल्या.

आता मिरजेचं.

माझा धर्म कळल्यावर गोवा, वाईन, इंग्रजी, बाटवाबाटवी हे सगळं जिथे येऊन थांबलं ते ठिकाण म्हणजे मिरज. प्रत्येकाने, अगदी प्रत्येकाने, कधी ना कधी मला बाजूला घेऊन विचारलं: "तुमी ख्रिश्चन. मिरजेला तुमचा वशिला आसंल?" कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वान्लेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इकडे आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं. तीन वर्षांनी डॉक्टर शिकवायची शाळा काढली. पुढे सरकारने त्यांना 'सर' केलं, आणि सांगलीजवळच्या वानलेसवाडीत त्यांचं नाव आजही आहे. माण, जत, आटपाडीकडची माणसं तिथे आधी बैलगाडीने गेली, मग एसटीने. मोतीबिंदू, मुतखडा, अडलेली बाळंतपणं. पारावरच्या त्या आजोबांचा आजाही तिथे डोळा करून आला होता. तंबाखू मला मिळाली ती त्या डोळ्यापोटी. म्हणजे इथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी अनामत ठेव ठेवून गेलेलं आहे, आणि मी तिच्या व्याजावर चहा पितो आहे. स्टिकर नसता तरी व्याज मिळालंच असतं. गाडीवरचा तो कागद फक्त पासबुकाचं काम करत होता.

पखवाजवाल्याच्या आईचं पोट दुखायला लागलं तेव्हा त्याने मला गाडीत घातलं. मी परोपरीने सांगितलं की मिरजेत मी कुणालाही ओळखत नाही. तो म्हणाला, "तुमी नुसतं उभं ऱ्हावा." मी उभा राहिलो. केसपेपरच्या रांगेत, रक्ताच्या रांगेत, सोनोग्राफीच्या रांगेत. एकदा तर बराच वेळ चुकीच्या रांगेत, तिथून पुढच्याने हाताला धरून योग्य रांगेत आणलं. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारलं, हे कोण तुमचे? पखवाजवाला अभिमानाने म्हणाला, "आमच्या बँकेचं सायेब." ती बाई आपल्या मुलाला म्हणाली, "बग रं, वसुलीला दवाखान्यात पन येत्यात ही."

आईचं पित्ताशय काढलं, ती बरी झाली, आता पुन्हा भाकऱ्या थापते. गावात मात्र पक्कं झालं की साहेबांचा मिरजेत वशिला आहे. आठवड्याला एक तरी जण येतो. तेव्हा माण, खटाव, आटपाडी आणि जत तालुक्यांतल्या वाचकांना जाहीर विनंती: मिरजेत माझी कुणाशीही ओळख नाही. जाताना जुने केसपेपर, आधार कार्ड आणि रेशन कार्ड घ्या, पेशंटला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उपाशी नेऊ नका, आणि पहाटेच्या गाडीने निघा. तरीही सोबत कुणी नसेल तर निरोप द्या. रांगेत नंबर धरायला एक माणूस लागतोच.